पहिला कार्यक्रम: सोसायटीचा गणपती की कॅफेतलं ओपन माइक?

पाच-सहा गाणी बसली आहेत, ज्यांच्या गच्चीवर सराव चालतो त्यांचा संयम संपत आला आहे, आता कुठेतरी लोकांसमोर वाजवायचं आहे. पुण्यात अशा बँडला पटकन मिळण्यासारख्या जागा दोनच. ओळखीच्या सोसायटीच्या गणपतीत एखादी संध्याकाळ, नाहीतर बाणेर किंवा कोरेगाव पार्कातल्या एखाद्या कॅफेतलं ओपन माइक. आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगो महोत्सवातल्या लाइव्हवायरसारख्या बँडच्या स्पर्धा मी यात धरत नाही. तिथे परीक्षक असतात, आणि पहिल्यांदा वाजवताना समोर परीक्षक नसलेलेच बरे.

आम्ही दोन्हीकडे वाजवलं आहे. मी बेस वाजवतो, तेव्हा पुढचं सगळं बेसवाल्याचं मत समजून वाचा.

कॅफेच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. लोक ऐकायला आलेले असतात, निदान पुढच्या दोन टेबलांवरचे तरी. स्वतःचं गाणं वाजवलं तर कोणी दचकत नाही. तुमच्या आधी कोणी कविता वाचतो, नंतर कोणी विनोद सांगतो, आणि त्या गर्दीत तुमच्यासारखी धडपडणारी आणखी चार पोरं भेटतात. आमचा आत्ताचा कीबोर्डवाला असाच मिळाला. आवाजही स्वच्छ येतो. गायकाला आपला सूर ऐकू येतो, आणि पहिल्या वेळी हे फार मोठं सुख आहे. वेळ दहा-पंधरा मिनिटांची, म्हणजे दोन-तीन गाणी. पैशांचं म्हणाल तर कॉफी मिळाली तरी खूप. काही ठिकाणी नाव नोंदवायलाच पैसे घेतात. दुसऱ्यांची गाणी वाजवणार असाल तर इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचा परवाना कॅफेने काढलाय का, हे विचारून ठेवा.

माझं घोडं अडलं ते ड्रमपाशी. कॅफे बहुतेक वेळा इमारतीच्या तळमजल्यावर असतो आणि वरती कुटुंबं राहतात. त्यामुळे मालक फोनवरच अगदी गोड आवाजात सांगतो, ‘ड्रम नका आणू, काहोन चालेल.’ काहोन म्हणजे ज्यावर बसून हाताने वाजवायचं ते लाकडी खोकं. वाद्य छानच आहे, मूळचं पेरूचं. ज्याला ते येतं त्याच्या हातून ऐकावं. पण आमचा ड्रमर वर्षभर दोन हात आणि दोन पाय वापरून शिकला. त्याला ऐन वेळी पाय बाजूला ठेवून बस म्हणायचं, म्हणजे ड्रमरची खुर्ची तेवढी स्टेजवर नेण्यासारखं आहे. किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, गेली की बेसला धरायला काही उरत नाही. मी कान लावून बसलो होतो आणि तिकडून नुसती टपटप येत होती. दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत लय पळाली, आणि ज्या जागेवर सगळे थांबून ड्रमचा तुकडा यायचा तिथे तळव्यांचा थोडा आवाज आला आणि कॉफीच्या मशीनची वाफ. वाजलं ते वाईट नव्हतं. पण ते आमचं गाणं नव्हतं, आणि लोकांनी टाळ्या कशाला दिल्या ते आम्हाला नीट कळलं नाही. त्यानंतर जिथे जिथे चौकशी केली तिथे थोड्याफार फरकाने हेच उत्तर आलं. पूर्ण ड्रम सेट चालणारे पब आहेत, पण ते पहिला प्रश्न विचारतात, ‘किती माणसं आणाल?’ पहिल्या वेळी मित्र येतात. पुढच्या वेळी त्यांच्या सबमिशन असतात.

सोसायटीच्या गणपतीत ड्रमला कोणी नाही म्हणत नाही. छोटा हत्ती सांगायचा, सेट चढवायचा, मांडवात लावायचा. पोरं जमा होतात, एखादं काठी उचलून झांज वाजवून बघतं. माणसं आणावी लागत नाहीत, ती आरतीला आलेलीच असतात. गणपतीत हौशी पोरांनी गाणी म्हणणं ही नवी गोष्टही नाही. सार्वजनिक उत्सवाच्या सुरुवातीच्या काळापासून गाणी म्हणणाऱ्यांचे मेळे होतेच.

त्रास इथेही भरपूर आहे. साउंड चेक नावाचा प्रकार नसतो. साउंडवाल्याचं सामान लहान मुलांच्या नाचांसाठी आणलेलं असतं आणि मॉनिटर, म्हणजे वाजवणाऱ्यांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून ठेवलेला स्पीकर, नसतो. एक जादा स्पीकर आपल्याकडे वळवून द्या म्हणून गोड बोलावं लागतं. पाऊस झाला असेल तर अर्थिंग बघायला सांगाच. हात तारांवर आणि ओठ माइकला लागले की बसणारा झटका गमतीचा नसतो. अर्धे श्रोते गप्पा मारतात. स्वतःची गाणी दोनच वाजवा, तीही दोन ओळखीच्या गाण्यांच्या मध्ये घालून. नाचायच्या गाण्याची फर्माईश येणारच, ती एक तयार असू द्या. मानधन पाकिटातून मिळतं, सोबत श्रीफळ. गाडीभाडं सुटतं.

मुख्य भीती सत्कारांची. देणगीदार, दहावी-बारावीची गुणवंत मुलं, मग नगरसेवक येतात आणि ‘दोन शब्द’ बोलतात. तिकडे घड्याळ पळत असतं. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 नंतर लाउडस्पीकर बंद. सरकारला वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस ही मर्यादा 12 पर्यंत वाढवता येते आणि त्यात गणपतीतले काही दिवस असतात, सगळे नव्हेत. आम्ही शेवटचं गाणं घाईने गुंडाळलेलं आहे. तरी ड्रमसकट गुंडाळलं.

गिटार आणि गळा एवढंच असेल, किंवा गाणी हळू आणि शब्दांवर चालणारी असतील, तर कॅफेतच जा. मांडवात त्यांचा निभाव लागणार नाही. कदाचित तुम्हाला ड्रम चालणारा कॅफेही सापडेल. पण चौघं-पाचजण असाल आणि मागे बसलेल्याच्या जिवावर गाणी उभी असतील, तर मी श्रावणातच कार्यवाहांना गाठेन, कार्यक्रमपत्रिका छापायच्या आधी. गौरीजेवणाचा दिवस नको म्हणून सांगा, त्या दिवशी घरोघरी पाहुणे असतात. 12 पर्यंत परवानगी असलेला दिवस मिळतो का बघा. आणि सत्कार तुमच्या नंतर ठेवायला लावा. काका लोक थोडे कुरकुरतील, पण ‘सत्काराला गर्दी राहील’ म्हटलं की बहुधा ऐकतात.