व्हाइट स्पॉट (अंगावर पांढरे ठिपके आणणारा परजीवीचा आजार) आलेल्या मरीन म्हणजे समुद्री माशाला कॉपर (तांब्याचं औषध) द्यायचं की हायपोसॅलिनिटी (पाण्याचा खारेपणा कमी करणं)?

उपचाराची वेगळी टाकी दोन्हीकडे सारखीच हो, नुसती काच, हीटर, आधीपासून चालू असलेला स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे. वाळू आणि लाइव्ह रॉक (जिवाणू असलेले समुद्री दगड) अजिबात नको, ते कॉपर शोषून घेतात आणि मग लेव्हल हाताला लागतच नाही.

मी कॉपरच्या बाजूने आहे. चिलेटेड (दुसऱ्या रसायनाला बांधलेलं) असेल तर साधारण 2 ते 2.5 पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम), सलग 30 दिवस, रोज टेस्ट करून, कारण लेव्हल खाली गेली की परजीवी वाचतो आणि वर गेली की मासा खाणं सोडतो. आयोनिक (न बांधलेल्या) कॉपरचा डोस बराच कमी असतो त्यामुळे बाटली वाचल्याशिवाय एक थेंबही टाकू नका, आणि कॉपर चालू असताना अमोनिया मारणारं कंडिशनर तर मुळीच नको, मासे मरतात.

हायपोत औषध नाही, खारेपणा विशिष्ट गुरुत्वात 1.025 वरून 1.009 वर आणायचा, माशाच्या शरीरावर ताणही कमी येतो, म्हणून कॉपर न झेपणाऱ्या ड्वार्फ एंजल माशासाठी मी हेच सुचवेन. पण 1.011 ला काम होत नाही, त्यामुळे कॅलिब्रेट केलेला रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं उपकरण) हवाच, पीएच पण घसरतो तो बघत राहा, आणि शेवटी खारेपणा काही दिवस घेऊन हळूहळू वाढवा. मुख्य म्हणजे वेल्वेट (दुसऱ्या परजीवीचा, व्हाइट स्पॉटसारखा वाटणारा आजार) असेल तर हायपोने तो जात नाही, आणि वेल्वेट दोन-तीन दिवसांत मासा नेतो, म्हणून निदानाची खात्री नसेल तर सरळ कॉपर.

काहीही निवडा, मेन टँक मात्र 76 दिवस माशांविना ठेवा, म्हणजे तिथला परजीवी मासा न मिळाल्याने मरेल.