न वाढलेली २२ टक्के पॉवर: रिमॅपच्या फसवणुकीचा हिशेब

रिमॅप, म्हणजे पॉवर वाढवायला इंजिनच्या संगणकातली (ईसीयू) सेटिंग बदलून, गाडी घेऊन निघालेला माणूस बहुतेक वेळा खूश असतो. पाय लावताच गाडी उडी मारते आणि हातात डायनोचा (पॉवर मोजणाऱ्या यंत्राचा) रंगीत ग्राफ असतो: आधी ६४, नंतर ७८ पीएस (अश्वशक्ती), म्हणजे २२ टक्के वाढ. पंधरा-वीस हजार वसूल झाल्यासारखे वाटतात. काही महिन्यांनी घाटात भरल्या गाडीने ट्रक ओलांडताना लक्षात येतं, की गाडी होती तिथेच आहे.

उडी कुठून येते ते आधी बघू. हल्ली पेडलला केबल नसते, सेन्सर असतो. पेडल ३० टक्के दाबलं की किती ताकद मागायची, हे ईसीयूमधला तक्ता ठरवतो. तो बदलून ३० टक्क्यांवरच ६० टक्क्यांची मागणी पाठवली, की शहरातल्या ट्रॅफिकमध्ये पिकअप वाढल्याचा भास होतो. पेडल पूर्ण दाबल्यावर मात्र मिळतं ते जुनंच, कारण इंधन आणि टर्बोच्या प्रेशरला कोणी हातच लावलेला नसतो. हे काम दहा मिनिटांचं आहे.

आता ग्राफ. ७५ पीएसचं इंजिन चाकांवर साधारण ६४ देतं, कारण गिअरबॉक्स, शाफ्ट आणि टायर मिळून १५ टक्क्यांच्या आसपास खातात. पहिला रन चाकांवरचा छापायचा आणि दुसरा ‘इंजिनची पॉवर’ म्हणून छापायचा, की ६४ चे ७५ झाले. वर पहिल्याला एसएई करेक्शन लावायचं आणि दुसऱ्याला एसटीडी; हवेचं तापमान आणि दाब धरून आकडा दुरुस्त करायच्या या दोन पद्धती. एसटीडीचा आकडा सुमारे ४ टक्के जास्त येतो, म्हणून ७५ चे ७८. गाडीत काहीही न करता २२ टक्के! करेक्शनचं नाव कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत असतं आणि ते कोणी वाचत नाही. दोन्ही रनसाठी तोच गिअर, तेच करेक्शन, तीच जागा (चाक किंवा इंजिन) आणि समोर चालू पंखा एवढं जुळत नसेल, तर त्या कागदाला रद्दीचाच भाव.

खरं-खोटं करायला डायनो लागतही नाही. वजन आणि वेळ पुरते. गाडी हायवेवरच्या वजनकाट्यावर नेऊन, तुम्ही आत बसलेले असताना वजन करा. ब्रोशरमधल्या आकड्यात माणसं धरलेली नसतात. समजा १,२५० किलो भरलं. १०० किमी प्रतितास म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. वजनाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणलं की त्या वेगाला पोचायला लागणारी ऊर्जा मिळते, इथे सुमारे ४८२ किलोज्यूल. ७५ पीएस म्हणजे ५५.२ किलोवॉट. ४८२ भागिले ५५.२, म्हणजे ८.७ सेकंद. पण हा झाला कागदी वेळ. सुटताना क्लच घसरतो, गिअर बदलताना ताकद तुटते, वारा अडवतो आणि इंजिन सतत कमाल पॉवरवर नसतं. म्हणून अशा मॅन्युअल डिझेल हॅचबॅकला त्याच्या दीडपटीहून थोडा जास्त, म्हणजे १३ ते १४ सेकंद लागतात. आता विक्रेता म्हणाला ‘आता ९ सेकंदात शंभर’, तर याच गुणोत्तराने त्याला ११३ पीएस लागतील. त्याने स्वतः सांगितलेल्या २२ टक्क्यांनी होतात ९१-९२, आणि त्यांतून ११ सेकंदच निघतात. त्याचेच दोन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, हे त्याला तिथल्या तिथे दाखवता येतं.

शून्य ते शंभर मोजण्याच्या फंदात मात्र पडू नका. त्यात गाडीपेक्षा चालवणाऱ्याचा क्लच जास्त मोजला जातो. तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ८० मोजा, पेडल पूर्ण दाबून, रिकाम्या सरळ रस्त्यावर. शेजारच्याला स्पीडोमीटरचा व्हिडिओ काढू द्या आणि घरी फ्रेम मोजा. सेकंदाला ३० फ्रेम असतील तर चूक नगण्य. स्पीडोमीटर थोडा जास्त दाखवतो, पण आधी आणि नंतर तेवढाच, त्यामुळे तुलनेला बाध येत नाही. मोबाइलच्या जीपीएसवर विसंबू नका, अनेक फोन सेकंदाला एकदाच वेग देतात. रिमॅपआधी ७.५ सेकंद लागत असतील, तर २२ टक्के खरी वाढ झाल्यावर ६ च्या आसपास यायला हवेत. ७.३ आले तर वाढ झालेली नाही.

दोन्ही दिशांनी किमान तीन-तीन वेळा मोजून सरासरी काढा. १ टक्का उतार डोळ्यांना दिसतही नाही, पण या मोजणीत अर्धा सेकंद खातो किंवा देतो. डेमो राइडमधली चलाखी इथेच असते: आधीची फेरी चढाला, एसी चालू, मागे दोन पोरं बसलेली, नंतरची उताराला, एसी बंद, पोरं खाली. नुसती दोन माणसं उतरली की १० टक्के वजन गेलं.

ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीची तपासणी करायला स्कॅनर लावतात तिथे) खोचायच्या ‘पॉवर चिप’बद्दल फार लिहायला नको. अशा अनेक डब्यांत लुकलुकणारे एलईडी आणि साधा मायक्रोकंट्रोलर निघतो, गाडीच्या नेटवर्कशी बोलणारा भाग नसतोच. पेट्रोल गाडीसाठी विकली जाणारी ‘परफॉर्मन्स चिप’ म्हणजे बऱ्याचदा हवेच्या तापमानाच्या सेन्सरला जोडलेला काही रुपयांचा रेझिस्टर.

ईसीयूला हात लागला की नाही, हे अनेक गाड्यांत स्कॅनरवर दिसतं. कॅलिब्रेशन आयडी (ईसीयूतल्या फाइलचं नाव) आणि सीव्हीएन (तिची पडताळणी करणारा आकडा) हे दोन्ही कामाआधी आणि नंतर लिहून ठेवा. दोन्ही जसेच्या तसे असतील तर फाइल बहुधा बदललेलीच नाही. बदललेले असले म्हणून पॉवर वाढली असं मात्र नाही; पेडलचा तक्ता बदलला तरी ते बदलू शकतात.

खरा रिमॅप झाला तरी टॉर्क वाढला की जुना क्लच घसरू लागतो आणि वॉरंटीचा दावा अडकतो. त्यामुळे गाडी पूर्ववत करता यावी म्हणून मूळ फाइलची प्रत पैसे देण्याआधीच मागा. टाळाटाळ झाली तर गाडी घेऊन परत फिरा.

पैसे ऑनलाइन द्या. बिलावर नुसतं ‘ट्यूनिंग चार्जेस’ लिहून घेऊ नका. कबूल केलेला आकडा, तो चाकांवरचा की इंजिनचा, आणि करेक्शन कुठलं हे लिहून घ्या. फसलाच असाल तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. जिल्हा ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते, आणि तिथे फ्रेम मोजलेले व्हिडिओ, काट्याची पावती आणि ते दोन ग्राफ पुरावा म्हणून जोडता येतात.