जॉनर शिकवणारी दोन दिवसांची कार्यशाळा: तक्ता अव्वल, यादी अपुरी

नाशिकच्या गंगापूर रोडवर शनिवार-रविवारी भरणारी ही चित्रपट-आस्वाद कार्यशाळा एकाच प्रश्नाभोवती फिरते: भयपट, रहस्यपट, प्रेमपट असा जॉनरचा, म्हणजे चित्रपटप्रकाराचा, शिक्का बसला की प्रेक्षक काय धरून बसतो आणि दिग्दर्शक त्या अपेक्षेचं काय करतो. शुल्क ८०० रुपये, चहा-नाश्ता धरून. पैसे वसूल होतात.

सगळ्यात कामाचा आहे तो तक्ता. रकाने तीन: पुढे काय होईल, कशावरून, आणि झालं का. सिनेमा दहाव्या मिनिटाला थांबवतात, मग मध्यंतराला. पहिला रकाना सगळेच भराभर भरतात, खरा कस दुसऱ्यात लागतो. ‘हा मरणार’ एवढ्यावर भागत नाही. कॅमेरा रिकाम्या खुर्चीवर गरजेपेक्षा जास्त रेंगाळला, संगीत त्याच्याच वाक्यावर तुटलं, असं बोट ठेवून दाखवावं लागतं.

‘सैराट’ (२०१६) या तक्त्यात घातला की विषय लख्ख कळतो. पूर्वार्ध प्रेमपटाच्या सगळ्या खुणा मनापासून देतो: स्लो मोशन, भव्य वाद्यवृंद, गाण्यांची रेलचेल. पहिला रकाना तुडुंब भरतो. पळून गेल्यावर संसाराची ओढाताण सुरू होते आणि शेवटच्या प्रसंगात तर पार्श्वसंगीतच काढून घेतलंय. पूर्वार्ध इतका अस्सल प्रेमपट नसता, तर तो शेवट बातमीसारखा वाचून सोडून दिला असता. अपेक्षा पक्की बांधल्याशिवाय मोडता येत नाही, हे इथे नीट उमगतं.

भयपटाचं सत्र मात्र फसतं. हॉलच्या मागच्या दारातून उजेड येतो, आवाज बेताचा ठेवतात, आणि दाराची कडी सरकायला लागली की नेमका तिथेच सिनेमा थांबवतात. ताण एकदा सुटला की तिथून पुन्हा चढत नाही. प्रसंग पूर्ण होऊ द्यावा, मग तक्ता भरून घ्यावा. थांबवायचंच असेल तर पुन्हा सुरू करताना दोन-तीन मिनिटं मागे न्यावं.

रविवारचा लेखनाचा सराव फार चांगला आहे. नियम साधा: प्रकाराचे पाच संकेत पाळायचे, एकच मोडायचा. उदाहरण दिलंय लासलगावच्या कांदा लिलावातल्या खुनाचं. प्रेत, संशयित, खोटा धागा, उलटतपासणी, उलगडा हे सगळं ठरल्याप्रमाणे. फक्त तपास करणारा पोलीस नाही, हमाल आहे. गोणी उचलल्याबरोबर त्याला वजनातला फरक कळतो. ती गोणी पहिल्या वीस मिनिटांत प्रेक्षकाला दिसलीच पाहिजे, नाहीतर उलगडा फसवणूक वाटतो. नवखे लोक पाचही संकेत एकदम मोडतात. मग प्रेक्षकाला धरायला काहीच उरत नाही, आणि ते नावीन्य कुणाच्या लक्षातही येत नाही.

मोठी तक्रार सिनेमांच्या यादीबद्दल. वेस्टर्न (अमेरिकी काउबॉयपट) आणि नुआर (अंधाऱ्या, सावल्यांच्या शैलीतले गुन्हेपट) यांवर अख्खी सकाळ जाते. तमाशापट आणि पौराणिकपट यांचं नावही नाही. आणि हे नाशिकमध्ये! दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’नंतर त्यांनी चित्रनिर्मिती नाशिकलाच आणली. पौराणिकपटात शेवट प्रेक्षकाला आधीच पाठ असतो, म्हणजे ‘काय होणार’ हा रकाना बादच. सगळी करामत ‘कसं दाखवणार’ यात. ‘कालिया मर्दन’च्या (१९१९) सुरुवातीला फाळक्यांची मुलगी मंदाकिनी चेहऱ्यावर एकेक भाव करून दाखवते आणि मग कृष्ण होते. ही मुलगी आहे, अभिनय करतेय, हे आधी उघड सांगून मग देव दाखवायचा! जॉनर आणि नावीन्य यावर याहून चांगला धडा कुठून आणणार? एक सत्र याला द्यायलाच हवं.

नाव नोंदवताना कोणते सिनेमे दाखवणार ते विचारून घ्या. पाहिलेल्या सिनेमाचा पहिला रकाना आठवणीतून भरला जातो आणि सराव वाया जातो. तसं असेल तर फक्त रविवार करता येतो का, तेही विचारा. भयपटाला पुढच्या तीन रांगांत बसा, दाराचा उजेड तिथवर पोचत नाही.