पहिले पैसे खरोखर मिळाले, तिथेच मी फसले

ऑनलाइन कामाच्या नावाखाली लुबाडल्या गेलेल्या मुलांना सगळे एकच विचारतात, "आधी खात्री करून घेता येत नव्हती का?" मी खात्री करून घेतली होती. आपण पैसे भरण्याआधी समोरचा पैसे देतो का, ते पाहिलं होतं. त्यानं दिले. म्हणूनच पुढचं सगळं घडलं.

तेव्हा मी सोळा वर्षांची होते. आठ महिने तीन लहान मुलांना गणित शिकवत होते. रक्कम मुद्दाम सांगत नाही, कारण 'मोठी रक्कम' प्रत्येक घरात वेगळी असते. मी तेव्हा सगळं फीमध्येच मोजायचे. एका मुलाची महिन्याची फी म्हणजे एक. आठ महिन्यांत चोवीस फी मिळाल्या, दोन स्वतःवर उडवल्या, बावीस शिल्लक. सगळं वहीत तारखेनिशी. हे सांगायचं कारण, बेहिशेबी मुलंच फसतात असा एक समज आहे.

सुट्टी लागली, शिकवण्या थांबल्या, आणि मी 'विद्यार्थ्यांसाठी घरबसल्या काम' शोधायला लागले. दोन दिवसांत एका बाईंचा मेसेज आला. व्हिडिओ आणि हॉटेलांची पानं लाईक करायची, स्क्रीनशॉट पाठवायचा, दर लाईकचे पैसे. मी प्रामाणिकपणे सांगितलं की मी सोळाची आहे. उत्तर आलं, "नो प्रॉब्लेम डिअर, टॅलेंटला वय नसतं." मला ते वाक्य फार आवडलं होतं! खरा मालक इथे थबकतो. मुलांच्या कामाला जवळजवळ सगळीकडे कायद्याची चौकट असते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा किमान वयाचा करारच १९७३ चा आहे. म्हणून सरळमार्गी माणूस वय विचारतो, आईवडिलांशी बोलायचंय म्हणतो. ज्याला तुमच्या वयाशी काही देणंघेणं नाही, त्याला तुमच्या कामाशीही नसतं.

मी तीन लाईक दिले. तासाभरात अर्धी फी खात्यात आली. खातं आईच्या देखरेखीखालचं होतं, पण रोजचे व्यवहार मीच बघायचे. वहीत लिहिलं: जमा ०.५. पाच मिनिटांचं काम! शिकवणीत तेवढ्यासाठी मला दोन आठवडे घसा कोरडा करावा लागायचा.

मग त्यांनी एका मोठ्या ग्रुपमध्ये घेतलं. तिथे दिवसभर लोक आपल्याला मिळालेल्या पैशांचे स्क्रीनशॉट टाकत होते. दुसऱ्या दिवशी 'प्रीपेड टास्क' आलं. आधी पैसे भरायचे, टास्क पूर्ण केलं की तीस टक्के कमिशनसकट परत. मी एक भरली, १.३ आली. दोन भरल्या, २.६ आल्या. दोन्ही वेळा संध्याकाळच्या आत, खऱ्याखुऱ्या बँक खात्यात. आता बावीसच्या २३.४ झाल्या होत्या. वहीतल्या त्या ओळींखाली मी लाल पेनानं रेघ मारली होती.

पैसे मिळाले हा पुरावाच नव्हता, हे कळायला मला फार महाग पडलं. ते आमिषाला खर्च करतच असतात. आणि तो खर्चही त्यांच्या खिशातला नसतो, पण त्याबद्दल पुढे.

पाच फींच्या टास्कला मला चौघांच्या एका छोट्या ग्रुपमध्ये टाकलं. एक 'मेंटर' आणि आम्ही तिघं. नियम असा की सलग तीन टास्क पूर्ण केल्याशिवाय कुणालाच पैसे काढता येणार नाहीत. पाच भरल्यावर दुसरं टास्क आलं, आठ फींचं. हे आधी सांगितलं नव्हतं. मी थांबले तर ग्रुपमधल्या एकीनं लिहिलं, "ताई, माझ्या मुलीच्या अ‍ॅडमिशनचे पैसे अडकलेत हो, तुमच्यामुळे सगळ्यांचं थांबलंय." मी आठ भरल्या. मग म्हणे मी चुकीचं बटण दाबलं, त्यामुळे आमचा 'क्रेडिट स्कोअर' शंभराचा ऐंशी झाला, तो दुरुस्त करायला दहा भरा. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मेंटर सांगत होता की बारापर्यंत भरले नाहीत तर सगळं गोठेल. मी पांघरुणात फोन धरून, हात थरथरत असताना, दहा भरल्या. वहीत त्या रात्री काही लिहिलं नाही.

ती मुलीची आई, तो दुसरा माणूस आणि मेंटर, बहुधा एकच जण तीन फोनवरून टाइप करत होता.

सकाळी त्यांच्या वेबसाइटवर माझं 'वॉलेट' हिरव्या आकड्यात दिसत होतं: ३१. माझ्या तेवीस आणि वर कमिशन. 'विथड्रॉ' दाबलं तर नवा संदेश, आधी वीस टक्के कर भरा. म्हणजे सहा फींहून थोडं जास्त. माझ्याकडे उरली होती ०.४. मी दादाकडे सहा फी उसन्या मागितल्या, कारण न सांगता. दादा कारण ऐकल्याशिवाय दोन मिनिटंही उसनी देत नाही.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "तुझ्या एकतीस त्यांच्याकडेच आहेत ना? मग त्यातून कर कापून घ्या आणि उरलेले द्या, असं लिही." मी लिहिलं. "सिस्टीम अलाऊ करत नाही डिअर." दादानं फोन माझ्या हातातून घेऊन टेबलावर उलटा ठेवला. ३१ हा आकडा कुणीतरी टाइप केलेला होता, बाकी काही नव्हतं. तेवढं समजायला मला तेवढा एक प्रश्न पुरला, आणि तो प्रश्न मी पाच दिवसांत कुणालाही विचारू दिला नव्हता. 'घरी सरप्राइज द्या' हा त्या बाईंचा सल्ला मी तंतोतंत पाळला होता.

आईला सांगणं सगळ्यात अवघड गेलं. पण त्याच तासात सांगितलं ते बरं झालं, कारण बँकेला कळवण्यात तासांचा फरकसुद्धा मोठा असतो. असे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात झपाट्यानं फिरवले जातात. वाटेतल्या एखाद्या खात्यात सापडले तरच अडवता येतात. माझे सापडले नाहीत. मी रात्रभर वाट पाहिली होती. ज्यांच्याकडून क्रिप्टोत किंवा गिफ्ट कार्डांचे नंबर घेऊन पैसे काढले जातात, त्यांना तर बहुतेक वेळा एवढीही आशा नसते.

तक्रार केल्यावर ग्रुपमधून धमकी आली की तुम्ही करार मोडलाय, कायदेशीर नोटीस पाठवू. मी दोन रात्री झोपले नाही. करार म्हणजे मी कधीतरी टिचकी मारलेला एक चौकोन होता. बहुतेक देशांत अठराच्या आतल्या मुलानं केलेला असा करार त्याच्यावर लादता येत नाही, आणि चोर तर कोर्टाच्या पायरीपर्यंत कधीच जात नाही. नोटीस अर्थातच आली नाही.

आली ती बँकेची विचारणा. पहिल्या दिवशी मला मिळालेली ती अर्धी फी एका अनोळखी माणसाच्या खात्यातून आली होती, आणि त्या माणसानंही फसवणुकीची तक्रार दिली होती. त्याला सांगितलं होतं टास्कचे पैसे इथे भरा, आणि 'इथे' म्हणजे माझं खातं. माझी कमाई म्हणजे त्याचं नुकसान होतं. आमचं खातं काही आठवडे अडकून राहिलं, आईला जाऊन सगळं समजावून सांगावं लागलं. यापुढची पायरी याहून वाईट असते. 'तुझ्या खात्यात पैसे येतील, दहा टक्के ठेवून पुढे पाठव' असं काम मुलांना देतात. त्यात फसवला गेलेला मुलगा पोलिसांच्या नजरेत चोरीचा पैसा फिरवणारा ठरू शकतो.

एकाचे पैसे दुसऱ्याला नफा म्हणून दाखवायची युक्ती जुनीच आहे. १९२० साली बोस्टनमध्ये चार्ल्स पाँझीनं ४५ दिवसांत ५० टक्के नफ्याचं आश्वासन देऊन हेच केलं होतं. टास्कचा अवतार मात्र नवा. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी संस्थेकडे, अशी तक्रार २०२० मध्ये एकही नव्हती, २०२३ मध्ये साधारण ५,००० होत्या, आणि २०२४ च्या पहिल्या सहा महिन्यांतच सुमारे २०,०००. तक्रार न करता गप्प बसणारे वेगळे.

तीन आठवड्यांनी एका 'सायबर तज्ज्ञा'चा फोन आला. तुमचे पैसे सापडलेत, प्रोसेसिंग फी भरा, परत मिळवून देतो. माझं नाव, रक्कम, सगळं त्याला ठाऊक होतं. कसं ठाऊक असेल हे आता उघड आहे, पण त्या क्षणी माझं मन पुन्हा पाघळलं होतं, खोटं कशाला सांगू. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात. एकदा फसलेला माणूस त्यांच्या लेखी गिऱ्हाईक असतो.

शिकवण्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा आठवीतल्या एकाला चक्रवाढ व्याज शिकवायचं होतं. ७२ ला व्याजदरानं भागलं की रक्कम दुप्पट व्हायला साधारण किती वर्षं लागतात ते कळतं, आठ टक्क्यांना नऊ वर्षं. हे मी आदल्या वर्षीही शिकवलं होतं, त्याचीच लाज वाटते. या वेळी त्याला दुसरं उदाहरण घातलं: रोज तीस टक्के, तीस दिवस, सुरुवात एकनं. त्यानं कॅल्क्युलेटर बडवला आणि उत्तर काढलं, २,६०० च्या वर. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, असं असेल तर तो माणूस स्वतःच का नाही करत?"

मला कुणी काम सुचवलं की हल्ली मी आधी पाहते की याचे पैसे नक्की कोण देतंय आणि त्याला त्यातून काय मिळतंय. शिकवणीत मुलाची आई देते, कारण मुलाला अपूर्णांक येत नाहीत. व्हिडिओ एडिट करून दिला तर ज्याचा व्हिडिओ आहे तो देतो. माझ्या तीन लाईकची गरज कुणाला होती, याचं उत्तर मला आजही देता येत नाही. आणि काम मिळवण्यासाठी मीच पैसे भरायचे, मग ते नोंदणी म्हणा, डिपॉझिट म्हणा की ट्रेनिंग, असं कुणी म्हटलं की मी पुढचं वाक्य ऐकत नाही. मैत्रिणी म्हणतात मी फार संशयी झालेय. असेन.

खातं मोकळं झाल्यावर ती अर्धी फी बँकेमार्फत त्या माणसाला परत करायची ठरली. बाकीच्या दोन रकमा कुणाच्या होत्या ते कधीच कळलं नाही. अर्धी फी द्यायची, आणि माझ्याकडे होती ०.४. उरलेली ०.१ आईनं घातली. मी वहीत तिच्या नावावर लिहिली आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या फीतून फेडली.