चिकट तिकिटं पाकिटावरून काढायची कशी: पाणी, संत्र्याचं तेल, लायटर फ्लुइड की सरळ कात्री?

माझा आतेभाऊ न्यू जर्सीहून येताना दर वेळी पाकिटांच्या फाडलेल्या कोपऱ्यांची एक पिशवी आणतो आणि जाताना आमच्याकडून भाजणीची चकली घेऊन जातो, हा आमचा जुना करार. या वेळी त्याच्या लंडनच्या कुणा मित्रानेही भर घातलेली, त्यामुळे पिशवी चांगलीच जाड निघाली, आणि भाची लगेच बादली घेऊन हजर, मामा सगळी टाकू का पाण्यात? नको गं बाई. तिला जे सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण हा प्रश्न तिकिटं जमवणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी पडतोच.

मी नाशिकरोडचा. आमच्या गल्लीतले निम्मे काका प्रेसमध्ये, म्हणजे जिथे १९२६ पासून आपली टपाल तिकिटं छापतात तिथे. त्यामुळे तिकीट म्हणजे मागे डिंक आणि डिंक म्हणजे पाणी, एवढंच आम्हाला माहीत. परातीत कोमट पाणी घ्या, अर्धा तास विसरून जा, तिकीट आपोआप तरंगत वेगळं होतं. आपल्या नेहमीच्या तिकिटांना हे आजही लागू आहे, त्यांच्यासाठी बाकीचं काही वाचायची गरज नाही.

भानगड स्टिकरवाल्या तिकिटांची. ही काही काल-परवाची गोष्ट नाही बरं का, सिएरा लिओनने १९६४ मध्येच देशाच्या नकाशाच्या आकाराचं चिकट तिकीट काढलं होतं. कारण दमट हवेत डिंकाची कोरी तिकिटं एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा होतो, हे ज्याने मुंबईच्या जुलैत कोरी तिकिटं कपाटात ठेवलीत त्याला वेगळं सांगायला नको. पण डिंक पाण्यात विरघळतो आणि स्टिकरचा गोंद विरघळत नाही, तो ॲक्रिलिक जातीचा असतो, पाण्याला अजिबात दाद देत नाही. म्हणून बऱ्याच देशांनी मधला मार्ग काढला, तिकिटाचा कागद आणि गोंद यांच्यामध्ये पाण्यात विरघळणारा एक पातळ थर द्यायचा. पाण्यात टाकलं की तो थर विरघळतो, तिकीट सुटतं आणि गोंद पाकिटावरच राहतो. अमेरिकेने साधारण २००४ पासून हा थर द्यायचं बंद केलं आणि ब्रिटनच्या राणीच्या रोजच्या तिकिटांवर २००९ पासून तोच प्रकार, वर त्या तिकिटांना इंग्रजी यू अक्षरासारख्या बारीक चिरा, म्हणजे सोलून पुन्हा वापरायला जाल तर तिकीट फाटणार.

म्हणून कोणती पद्धत चांगली हे विचारायच्या आधी तिकीट कुठलं आणि कधीचं ते बघा. अमेरिकन तिकिटाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात बहुतेक वेळा बारीक अक्षरात साल असतं, भिंग लावा. नाही दिसलं आणि किमतीच्या जागी फॉरएव्हर लिहिलेलं असेल तर ते २००७ किंवा नंतरचं, पाण्याच्या वाटेला जाऊ नका. ब्रिटनचं बारकोडवालं तिकीट २०२२ पासूनचं, तेही पाण्यात नको. ऑस्ट्रेलियाची स्टिकर तिकिटं मात्र धीर धरला तर बहुतेक पाण्यात सुटतात. आणि ब्रिटनची स्मारक तिकिटं बरीचशी अजूनही डिंकाची, ती बिनधास्त भिजवा.

आता एकेक उपाय घेऊ. झेंड्याचं अमेरिकन तिकीट माझ्याकडे रद्दीसारखं पडलेलं असतं, त्यामुळे एकाच जातीच्या तिकिटावर सगळे प्रयोग करून बघितलेत.

पाणी फुकट, घरातल्या लहानांनाही देता येतं, आणि जिथे चालतं तिथे याच्यासारखं काही नाही. तिकिटाची पाठ स्वच्छ निघते, एकदम डिंकाच्या तिकिटासारखी. फक्त स्टिकरला अर्धा तास पुरत नाही, तास-दीड तास द्या, पाणी कोमट ठेवा, आणि तिकिटाच्या पाठीला थोडा बुळबुळीतपणा राहिला तर पाण्यातच अंगठ्याने हलकेच चोळा. लाल-हिरवी ख्रिसमसची पाकिटं वेगळ्या वाटीत, त्यांचा रंग सुटला की शेजारची सगळी तिकिटं गुलाबी होतात, हे मी दोनदा केलंय, दोनदा! आणि जिथे थर नाही तिथे काय होतं? काहीच होत नाही. रात्रभर ठेवलंत तर पाकिटाचा लगदा होतो, तिकिटाचा कागद फुगतो, गोंद आहे तसाच, मग आपण वैतागून ओढतो आणि तिकिटाच्या पाठीचा पापुद्रा निघतो, आणि पाठीला पातळ झालेलं तिकीट म्हणजे अल्बममधून बाद. उकळतं पाणी घालून बघणारेही आहेत, गोंद जरा मऊ होतो हे खरं पण तिकीट गुंडाळतं आणि कधीकधी शाईही हलते, मी तरी नाही करत.

संत्र्याचं तेल हा अमेरिकेतल्या लोकांचा लाडका उपाय, तिकडे शुद्ध संत्र्याच्या तेलाचा रूम फ्रेशनर मिळतो तो पाकिटाच्या मागून फवारतात. त्यात असतं लिमोनिन. लहानपणी नागपुरी संत्र्याची साल फुग्याजवळ पिळून फुगा फट्टकन फोडलाय ना? तेच ते, रबर विरघळवणारं, आणि तिकिटाच्या गोंदावरही ते चालतं. (हो, साल थेट पिळूनही बघितली, तेवढ्या थेंबाने काही होत नाही, हात मात्र छान वास मारतो.) आपल्याकडच्या दुकानातला ऑरेंज लिहिलेला फ्रेशनर आणलात तर पैसे वाया, मी आणलेल्यात नुसता वास होता, गोंद ढिम्म. सुगंधी तेलवाल्याकडून संत्र्याच्या सालीचं शुद्ध तेल घ्या, छोटी बाटली पुष्कळ दिवस जाते. ब्रशने पाकिटाच्या आतल्या बाजूने लावायचं, कागद पारदर्शक दिसायला लागतो, मिनिटभर थांबायचं, मग तिकीट पालथं धरून पाकिटाचा कागद मागे वाकवत वाकवत सोलायचा. तिकीट वाकवायचं नाही, कागद वाकवायचा, सगळी मेख यातच आहे आणि हे खालच्या लायटर फ्लुइडलाही लागू. पाठीवरचा गोंद तसाच राहतो, म्हणून लगेच बोटाने टाल्कम पावडर लावायची, चिकटपणा मरतो. याचं वाईट काय, तर तेल हळू उडतं, तिकीट काही तास तेलकट दिसतं, घाईघाईने अल्बममध्ये घातलंत तर शेजारच्या पानालाही डाग. पण वेळ भरपूर मिळतो, हात थरथरणाऱ्यांसाठी हेच बरं.

लायटर फ्लुइड म्हणजे डबीतलं पातळ लिक्विड, लायटरमध्ये भरायचा गॅस नव्हे, दुकानदार हमखास गॅसच काढून देतो. हा नॅफ्था, काही थेंब मागून टाकले की झटक्यात मुरतो, तिकीट सुटतं, आणि उडून गेल्यावर तिकीट कोरडं ठणठणीत, ना सुरकुती ना तेल, वाळवायची भानगडच नाही. निकालाच्या दृष्टीने माझ्या प्रयोगात हाच पहिला आला. पण उडण्याआधी सोलावं लागतं, उशीर झाला की गोंद पुन्हा जागा होतो आणि परत थेंब. दुसरं, ग्रेव्ह्युर पद्धतीने, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरवरून छापलेल्या काही तिकिटांची शाई असल्या द्रवांनी उतरते, म्हणून आधी जादाच्या तिकिटावर बघा. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, हे पेट्रोलचंच भावंड आहे, देवघरात निरांजन तेवतंय आणि तुम्ही शेजारच्या खोलीत दार लावून तिकिटं सोलताय असं करू नका, गॅलरीत बसा, हातमोजे घाला. मुलांच्या हातात तर अजिबात नाही. स्वस्त पडावं म्हणून रंगवाल्याचं थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर वापरायचा मोह होतो, त्यांनी गोंदाबरोबर शाईही जाते. नीलगिरीचं तेल चालतं, पण माझ्याकडच्या बाटलीने पिवळट कडा सोडली, मग दिलं सोडून.

राहिली कात्री. चारी बाजूंनी अर्धा सेंटीमीटर कागद ठेवून तिकीट पाकिटासकट कापायचं आणि तसंच ठेवायचं. आधी मला हा आळशीपणा वाटायचा, आता माझी निम्मी अमेरिकन तिकिटं अशीच आहेत. नुकसानीची भीती शून्य, शिक्का पूर्ण राहतो, टपाल खात्याने छापलेल्या रेघा आणि गावाचं नाव वाचता येतं, ज्यांना शिक्क्यांचा नाद आहे त्यांनी तर दुसरं काही करूच नये. ब्रिटनच्या बारकोडवाल्या तिकिटांनाही मी हेच करतो, त्या चिरांशी कोण मारामारी करणार. त्रास एवढाच की अल्बम फुगतो, आणि तिकिटाच्या मापाचे कप्पे असलेला छापील अल्बम असेल तर ते त्यात बसतच नाही.

इथे एक गोष्ट मनात खुपते. कागदासकट ठेवलं म्हणजे गोंदही आत जन्मभर राहिला. अमेरिकेने १९७४ मध्ये नाताळसाठी शांतीच्या कबुतराचं चिकट तिकीट काढलं होतं, त्याचा गोंद पुढे कागदात झिरपला आणि तिकिटं तपकिरी पडली, कोरी सुद्धा. आताचे गोंद सुधारलेत, पण संत्र्याचं तेल काय आणि लायटर फ्लुइड काय, पावडरीखाली गोंद राहतोच ना, म्हणजे त्या बाबतीत सोललेलं आणि कापलेलं जवळपास एकाच नावेत. गोंदापासून खरी सुटका फक्त पाण्याने होते, आणि तीही थर असेल तरच.

तर भाचीला असं वाटून दिलं: २००४ च्या आधीची अमेरिकन, ऑस्ट्रेलियाची आणि डिंकाची सगळी तिची, परात, कोमट पाणी, चिमटा आणि टीपकागद. वाळताना पालथी, मग दोन टीपकागदांत रात्रभर जाड पुस्तकाखाली. फॉरएव्हरवाल्यांपैकी ज्यांचा शिक्का छान आहे ती कात्रीने. जी छापील अल्बमच्या कप्प्यात जायचीत तेवढी पाच-सहा माझ्याकडे, रविवारी गॅलरीत, लायटर फ्लुइडने. विकायला म्हणून हे सगळं करत असाल तर मात्र राहू द्या, असल्या वापरलेल्या नव्या तिकिटांना बाजारात जवळपास काहीच भाव नाही, द्रवाचे पैसेही सुटणार नाहीत.

भाचीने त्यातलं एक फॉरएव्हर गुपचूप पाण्यात टाकलंच. दुसऱ्या दिवशी सकाळी पाकीट विरघळलेलं, तिकीट वाटीच्या तळाला चिकटलेलं. वाटी आईची होती, तिला अजून सांगितलेलं नाही.