ट्रायकोडर्माचा किलोचा पुडा: मूळकुजीवर कितपत चालतो

माल चांगला आहे, पण बडोद्यातल्या दुकानांत मूळकुज बरी करतो म्हणून सांगतात, त्या कामाचा नाही. ट्रायकोडर्मा विरिडी ही जिवंत बुरशी. फ्युजेरियमसारख्या मुळं कुजवणाऱ्या बुरशीच्या आधी ती मुळांभोवती जागा धरते आणि तिलाच खाते. म्हणजे काम राखणदारीचं, इलाजाचं नव्हे.

शिरीष, शिसम किंवा कडुनिंबाच्या बुंध्याशी लाखेसारखी चकाकणारी तपकिरी छत्री आली, तर तो गॅनोडर्मा, लाकूड आणि मुळं कुजवणारी बुरशी. छत्री दिसते तेव्हा आतलं लाकूड कुजलेलं असतं. चार पुडे ओतले तरी पैसे मातीत. असं झाड वरून हिरवंगार असतानाही आडवं होतं, म्हणून आधी महापालिकेला कळवा. रोग मुळाला मूळ लागून शेजारी जातो, तेव्हा मधे दोन-तीन फूट खोल चर खणा. पुडा वापरायचा तो चरापलीकडच्या धडधाकट झाडांना आणि नव्या रोपांना.

घेताना ग्रॅमला किमान 20 लाख (2×10⁶) सीएफयू (वाढू शकणारे जिवंत बुरशीकण) लिहिलंय का ते बघा आणि उत्पादनाची तारीख तपासा. मे महिन्यात पत्र्याखाली तापलेला पुडा सवलतीत मिळाला तरी नको. बुरशी मरते, पावडर मात्र दिसायला तशीच राहते.

नुसती पावडर मातीत भुरभुरली तर फारसा उपयोग नाही, तिला खायला लागतं. 1 किलो पावडर 100 किलो शेणखतात मिसळा (नर्सरीत ‘छाणियुं खातर’ मागा). खत पूर्ण कुजलेलंच हवं. ताजं शेण तापतं आणि बुरशी त्यात टिकत नाही. ओल इतकीच की मुठीत गोळा व्हावा, पाणी गळू नये. सावलीत फूटभर उंच ढीग, वर ओलं गोणपाट, तीन-चार दिवसांनी उलथापालथ. आठ-दहा दिवसांत पांढरे तंतू आणि मग हिरवट झाक दिसते. काहीच उगवलं नाही तर पुडा मेलेला होता, झाडाला घालायची घाई करू नका. मिसळताना नाकाला फडकं बांधा.

मोठ्या झाडाला खत बुंध्याशी नाही, फांद्यांच्या घेराच्या कडेला, सहा इंच खोल द्या. बुंध्याला पेव्हर ब्लॉक चिकटलेले असतील तर आधी मीटरभर उखडा. बहुतेक सोसायट्या इथेच मागे सरतात. आपल्या काळ्या मातीत पाणी तुंबतं, मुळांना हवा मिळत नाही, आणि 2024च्या ऑगस्टसारखा विश्वामित्री नदीला पूर आला की निचरा केल्याशिवाय कुठलाही पुडा चालत नाही. कार्बेन्डाझिम किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइडसारखं बुरशीनाशक ओतलं असेल तर पंधरा दिवस थांबा.

कडुनिंबाचे नुसते शेंडे जळत असतील तर हे विकत घेऊच नका. तो बहुधा फोमोप्सिस, फांद्यांचा रोग. मुळाशी काहीही घातलं तरी शेंड्याला लाभ नाही.