क्रीटचे किनारे: फोटो नव्हे, वारा बघून ठरवा

ग्रीसच्या क्रीट बेटावर कुठल्या बीचवर जायचं हे आदल्या रात्री ठरवू नका. सकाळी उठून वारा कुठून आणि किती जोरात वाहतोय ते पाहा आणि मग गाडी बाहेर काढा. उन्हाळ्यात, त्यातही जुलै-ऑगस्टमध्ये, मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा एजियन समुद्रावरून येतो. तो चढला की उत्तर किनाऱ्यावर लाटा उसळतात, लाल बावटे लागतात, उडणारी वाळू पायांना टोचते. त्याच दिवशी दक्षिणेला, लिबियन समुद्राच्या बाजूला, एखाद्या आडोशाच्या खाडीत पाणी संथ असू शकतं. बेट लांबीला सुमारे 260 किलोमीटर असलं तरी रुंदीला अगदी चिंचोळं आहे. त्यामुळे डोंगर ओलांडून पलीकडे जाणं एका सकाळीत जमतं. रस्ते मात्र नागमोडी आहेत. गाडी लागणाऱ्यांनी गोळी घेऊनच बसावं.

आम्ही सप्टेंबरमध्ये गेलो होतो: मी, नवरा, सातवीतला मुलगा आणि सासूबाई. आईंना पोहता येत नाही, गुडघे कुरकुरतात, पण पाण्यात बसायची हौस आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त. सप्टेंबरात शाळांच्या सुट्ट्यांची गर्दी ओसरलेली असते आणि उन्हाळाभर तापलेला समुद्र अजून कोमट असतो. वडीलधाऱ्यांना घेऊन जायचं तर मी हाच महिना सुचवेन. भरती-ओहोटीची चिंता तर नाहीच. पाणी वीतभर वरखाली होतं एवढंच. सकाळी अंथरलेली चटई संध्याकाळपर्यंत तिथेच राहते.

एलाफोनिसी हा किनारा क्रीटच्या नैर्ऋत्य टोकाला आहे आणि माझ्या मते कुटुंबासाठी त्याला तोड नाही. किनारा आणि समोरचं छोटं बेट यांच्यामध्ये उथळ पाणी आहे. शांत दिवशी चालतच पलीकडे जाता येतं, कुठे घोट्यापर्यंत तर कुठे कमरेपर्यंत पाण्यातून. आई तिथे तासभर पाण्यात मांडी घालून बसल्या होत्या. त्यांच्या गळ्यापर्यंत पाणी होतं, चेहऱ्यावर नुसता आनंद होता. वाळूतला गुलाबी रंग खरा आहे. तो शिंपल्यांच्या आणि सूक्ष्म समुद्री जीवांच्या कवचांच्या चुऱ्यातून येतो. पण सगळी पुळण गुलाबी असेल असं समजून जाऊ नका. पाणी जिथे वाळूला टेकतं तिथे गुलाबी पट्टे दिसतात, बाकी वाळू पांढुरकीच. हा परिसर युरोपच्या नातुरा 2000 या संरक्षित जाळ्यात आहे आणि वाळू उचलून न्यायला बंदी आहे. मुलाने मूठभर वाळू डबीत भरली होती. मी ती परत ओतायला लावली आणि का, तेही तिथेच सांगितलं. प्रत्येक पर्यटकाने एक डबी नेली तर हा रंग उरणार कुठून?

हानिया शहरातून येणाऱ्या सहलींच्या बस उशिरा सकाळी पोचायला लागतात. त्याआधी दोन तास तुमचे असावेत, म्हणून पहाटे निघा. वाटेत तोपोलियाच्या घळीत एकेरी बोगदा आहे. गर्दीच्या वेळी तिथे वाहनं खोळंबतात.

क्रीटच्या वायव्य टोकाचं बालोस फोटोत सगळ्यात सुंदर दिसतं आणि प्रत्यक्षातही दिसतं. वरच्या वाटेवरून खाली पाहिलं की पिस्त्यापासून गर्द निळ्यापर्यंत पाण्याच्या छटा एकाच नजरेत मावतात. पण तिथपर्यंत पोचणं हेच खरं काम. एक तर कच्च्या रस्त्याने गाडी न्यायची, मग डोंगरावरून पायऱ्या-दगडांची वाट उतरायची आणि परतताना भर उन्हात तीच चढायची. भाड्याच्या गाडीचा विमा कच्च्या रस्त्यावर बहुतेकदा लागू होत नाही. आमच्या करारात तर ते बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, म्हणून आम्ही किसामोसच्या बंदरातून बोट घेतली. बोट बहुधा ग्राम्वूसा बेटावरही थांबते. तिथे वर व्हेनेशियन किल्ला आहे. नवरा आणि मुलगा चढून गेले, आई आणि मी खाली थांबलो. वारा जोरात असेल तर बोटी सुटतच नाहीत, म्हणून बालोस सहलीच्या शेवटच्या दिवशी ठेवू नका. सावलीसाठी झाड नाही. टोपी आणि भरपूर पाणी हवंच.

त्याच पश्चिम किनाऱ्यावर फालासार्ना आहे. लांब, रुंद, सूर्यास्तासाठी उत्तम. पुळणीच्या उत्तरेला प्राचीन बंदराचे अवशेष आहेत आणि ते आज चक्क कोरड्या जमिनीवर आहेत! इसवी सन 365 च्या सुमाराच्या महाभूकंपात पश्चिम क्रीट वर उचललं गेलं, काही ठिकाणी तर 9 मीटरपर्यंत. जिथे जहाजं लागायची तिथे आता झुडपं आहेत. मी भूगोल शिकवते, त्यामुळे मला तिथून हलवणं घरच्यांना जड गेलं.

दक्षिणेचं माझं सर्वात आवडतं ठिकाण ग्लिका नेरा. होरा सफाकियोन आणि लुत्रो या गावांमधली ही गोट्यांची पुळण, मागे उभा कडा, गाडीरस्ता नाही. डोंगरकडेच्या पायवाटेने या किंवा छोट्या बोटीने. डोंगरात मुरलेलं पाणी इथे थेट गोट्यांखालून झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतं. किनाऱ्यावर हातभर खड्डा केला की गोडं, गारेगार पाणी साचतं. समुद्रात पोहताना अंगाभोवती मध्येच गार पट्टा लागतो, पुढच्या हातात पुन्हा कोमट पाणी. मुलगा तोच खेळ दुपारभर खेळत होता. पायात पाण्यात चालणारे बूट हवेत, गोटे तापतात. कड्याच्या अगदी खाली बसू नका, दगड निसटतात. आणि आधीच सांगून ठेवते, इथे काही जण कपड्यांविना ऊन घेतात. आईंनी एकदा पाहिलं, तोंड समुद्राकडे केलं आणि विषय संपला.

प्रेवेलीला नदी समुद्राला मिळते आणि तिच्या दोन्ही काठांवर क्रीटच्या खजुरांचं बन आहे. 2010 च्या आगीत ते जळालं होतं, पण खोडांना नवे कोंब फुटले आणि बन पुन्हा हिरवं झालं. वाहनतळापासून पायऱ्यांची उतरण बरीच आहे. गुडघेदुखी असेल तर नाही म्हणा, आम्हीही आईंना तावेर्नात, म्हणजे छोट्या खानावळीत, बसवलं. बार्लीच्या कडक पावावर टोमॅटो आणि चीज घातलेला दाकोस त्यांना इतका आवडला की पुढे रोज मागवला. शाकाहारींना तो जवळपास सगळीकडे मिळतो.

पूर्व टोकाच्या वाईलाही खजुरांचं मोठं बन आहे, पण ते कुंपणाआड आहे आणि पुळण आरामखुर्च्यांनी भरलेली. तेवढ्यासाठी इतका लांब प्रवास मी सुचवणार नाही.

आरामखुर्ची आणि छत्रीचं भाडं जागेनुसार आणि रांगेनुसार बदलतं, बसण्याआधी विचारा. मात्र ग्रीसमध्ये किनारा सार्वजनिक असतो. खुर्च्या सोडून मोकळ्या जागेत स्वतःची चटई पसरायला कुणी पैसे मागू शकत नाही. रेथिम्नोच्या लांब पुळणीवर समुद्री कासवं अंडी घालतात, घरट्यांवर संरक्षक जाळ्या लावलेल्या असतात. त्यांच्या जवळ छत्रीचा दांडा रोवू नका, रात्री टॉर्च मारू नका. आणि ग्लिका नेराला बोटीने जाणार असाल, तर उतरण्याआधी परतीची शेवटची बोट किती वाजता आहे ते नावाड्याकडून नक्की करून घ्या. अंधारात ती डोंगरवाट मुलांना घेऊन चालण्यासारखी नाही.